दारात सांगितलेली कावीळ

आमच्या घरात कावीळ शिरली ती सासूबाईंच्या तोंडून. दिवाळी नुकतीच सरली होती आणि शेजारच्या तात्यापारा मोहल्ल्यातले काका दारात उभे होते. हे काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे रेल्वेतले जोडीदार, रिटायर्ड गार्ड. सासरे गेले तरी त्यांचं येणं-जाणं सुटलं नव्हतं, आणि आवाज तर असा की तीन घरांपलीकडे कळावं कोण आलंय. त्यांनी विचारलं, “पोरगा काहून दिसून नाही राहिला? ऑफिसातबी नाही म्हणते, मराठी मंडळातबी नाही.” सासूबाईंनी पदर सावरला आणि जराही न अडखळता म्हणाल्या, “त्याले कावीळ झाली, भाऊजी.”

मी आत पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. पलीकडच्या खोलीत माझा नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि त्याचे डोळे माझ्या डोळ्यांइतकेच पांढरे होते.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. भोपाळहून साहेब लोक सामानासकट आले होते, घरभाडी गगनाला भिडली होती आणि चहाच्या टपरीवर उभा राहिलेला माणूसही बदली आणि बंगल्याशिवाय दुसरं बोलत नव्हता. माझा नवरा ज्या ऑफिसात वर्षानुवर्षं होता तिथेही उलथापालथ झाली. ज्याला विचारल्याशिवाय फाइल पुढे जायची नाही, त्याचं टेबल मागच्या खोलीत सरकवलं गेलं आणि समोर फाइल यायची बंद झाली. पण हेच कारण असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच मागच्या खोलीत आणखी दोघं बसत होते आणि ते मजेत डबे खात होते, क्रिकेटवर भांडत होते. त्याच्याच मनाने का हाय खाल्ली, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

आधी त्याने पेपर वाचायचं सोडलं. मग दाढी. मग एके सकाळी तो उठलाच नाही. ताप नाही, खोकला नाही, पोट ठीक. जागा असायचा आणि पडून असायचा. समोर ताट ठेवलं तर दोन घास खायचा, उचललं तर का उचललं म्हणायचा नाही. आमची मुलगी, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते, तिने मला हळूच विचारलं, “पप्पा हमसे गुस्सा हैं क्या?” मी तिला दटावून अभ्यासाला बसवलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. माणूस घरात आहे, श्वास चालू आहे आणि तरी तो दिवसेंदिवस आपल्या हातून निसटतोय, ही भीती कोणाला सांगायची तेही कळत नव्हतं.

मी तशी भांडखोर. सासूबाईंचा विरोध मोडून मी त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, शांत. त्यांनी रक्त तपासलं, मग मला बाहेर न पाठवता त्याला सरळ विचारलं की मरून जावंसं वाटतं का.  तो म्हणाला, “नहीं मैडम. बस उठने का मन नहीं होता.” बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, अजून फार खोल गेलेलं नाही, सध्या गोळ्यांशिवाय बघू. सकाळी ठरल्या वेळी उठवा. उन्हात चालवा, अंग थकेल इतकं. दिवसा झोपू देऊ नका. घरातलं एखादं काम त्याच्याच हातून होऊ द्या, कितीही वेळ लागला तरी. रोज घराबाहेरच्या एका तरी माणसाशी बोलू द्या. निघताना त्यांनी मला थांबवलं. “हर हफ्ते दिखाइए. दवा लगी तो दवा देंगे, उसमें शर्म कैसी. और कभी मरने की बात करें तो उसी घड़ी लेकर आइए.”

मी मोठ्या उत्साहाने घरी आले. ऊन तर फुकटचं, आणि बूढ़ापाऱ्यात आमच्या दारापासून तलाव हाकेच्या अंतरावर. पण आमच्या दारात कावीळ उभी होती.

कावीळ झालेल्या माणसाने काय करायचं असतं? पडून राहायचं असतं. उन्हात जायचं नसतं, कामाला हात लावायचा नसतो, बोलून दमायचं नसतं. म्हणजे डॉक्टरांनी जे जे सांगितलं होतं त्याच्या बरोब्बर उलट. आणि दोन दिवसांत सगळ्या मराठी घरांना ही कावीळ ठाऊक झाली होती. कोणी उसाचा रस घेऊन आलं, कोणी मुळ्याचा पाला, कोणी गूळ-फुटाणे. जो येईल तो त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचा. एकजण म्हणालाही, “डोये तं पांढरेच दिसून राहिले.” सासूबाई तयारच होत्या. “आता उतरून राहिली ना.”

स्वयंपाकातून तेल गेलं, फोडणी गेली, हळद गेली. पाहुणे कधी जेवणाच्या वेळी टपकतील सांगता येत नाही म्हणून खरोखरच बिनहळदीचं वरण शिजायला लागलं. मी सासूबाईंशी भांडले. म्हटलं, “आई, आपण लोकांसाठी याला आजारी पाडतोय.” त्या कणीक मळत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “अन काय सांगू? पोट्ट्याचं डोकं फिरलं म्हणू? उद्या पोरीच्या लग्नात लोकं इचारतीन.” पोरगी तेव्हा पाचवीत होती. पण हे म्हणताना त्यांनी तो निजलेल्या खोलीकडे पाहिलं आणि मी भांडण तिथेच सोडलं. त्यांनाही माझ्याइतकीच भीती वाटत होती, फक्त त्यांनी तिला एक सभ्य नाव दिलं होतं.

यात काकांनी कमाल केली. बसने कुठल्याशा गावी जाऊन त्यांनी कावीळ उतरवणाऱ्या माणसाकडून माळ आणली, कसल्याशा काड्या दोऱ्यात ओवलेली. ही डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत वाढत खाली येते. दोरा सैल होतो, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी माळ खांद्यावर आली तेव्हा काकांचा आनंद बघण्यासारखा होता आणि सासूबाईंनी तर देवापुढे साखर ठेवली. नवरा माळ घालून निमूट बसला होता. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही येत होतं. पूर्वीचा तो असता तर त्यानेच सगळ्यात आधी काकांची टर उडवली असती.

मी मग चोरटा मार्ग काढला. सकाळी सासूबाई पूजेला बसल्या की त्याला लुनावर मागे बसवायचं, डोक्याला मफलर गुंडाळायचा आणि चौबे कॉलोनी गाठायची. तिथल्या बागेत आपल्याला ओळखणारं कोणी नाही असा माझा हिशेब. पहिले काही दिवस तो बाकापर्यंत जायचा आणि बसायचा. मी ओढायचे, तो एक फेरी मारायचा, मी टोमणे मारायचे, तो दुसरी मारायचा. कधी अर्ध्यातून परत यायचो. कधी तो दारातूनच मागे फिरायचा आणि तो दिवस मी सगळ्यांवर डाफरत काढायचे. घरी पाहुणे नसतील तेव्हा त्याच्यापुढे मी तुरीच्या शेंगा टाकायचे. ताटभर शेंगा सोलायला त्याला सकाळची दुपार व्हायची. मी काही बोलायचे नाही, आणि न बोलणं हे मला शेंगा सोलण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं.

फरक पडत होता का? चार दिवस वाटायचं पडतोय, पाचव्या दिवशी सगळं मुसळ केरात. डॉक्टरबाई म्हणायच्या, असंच असतं, सोडू नका. आणि मग चौबे कॉलोनीतही आम्ही पकडले गेलो. नव्याने बदलून आलेल्या एका मराठी साहेबांच्या बायकोने मंडळात आम्हाला एकदा पाहिलं होतं. तिने बागेच्या फाटकापासूनच हाक मारली, “अहो, कावीळ झाली होती ना यांना?” मी काहीबाही सांगितलं आणि लुनाला किक मारली. 

त्या दिवशी जेवताना त्याने वरणाची वाटी ताटाबाहेर सरकवली. म्हणाला, “उद्यापासून यात हळद टाकजो. अन फोडणीबी.” सासूबाई म्हणाल्या, “अरे पण लोकं—” “लोकाइले नको वाढू.” एवढंच बोलला आणि ताक-भात जेवून उठला. चिडला होता तो. किती दिवसांनी चिडला होता. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, कारण मला कोणापुढे रडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लुना काढायला लागले तर म्हणाला, “कायले? आपलाच तलाव हाय ना.” मफलरही घेतला नाही. आम्ही गल्लीतून पायी निघालो. दुकानांची शटरं वर जात होती, दूधवाला थांबून बघत होता, समोरच्या घरातली बाई झाडू हातात धरून तशीच उभी राहिली. तलावावर कोवळं ऊन पडलं होतं. आम्ही काठाने निम्मी फेरी केली असेल-नसेल तोच समोरून काका. हातात पिशवी, बाजाराला निघालेले.

“काय हे, सूनबाई?” तो गार्डाचा आवाज तलावभर गेला. “काविळीच्या माणसाले उन्हात फिरवून राहिल्या? शिकल्या-सवरल्या ना तुम्ही?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, “काका, मले कावीळ झालीच नव्हती.”

काका आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. “मंग माळ कशी उतरली?”

“सैल होती,” तो म्हणाला. मग थांबून, शब्द शोधत, “मन मेल्यासारखं झालं होतं, काका. काहीच करावंसं नाही वाटे. आंघोयबी नाही. आजबी तीच उठवते मले. डॉक्टर म्हणे उन्हात चाल, म्हणून चालून राहिलो.”

त्याने हे बाजाराच्या रस्त्यावर, मोठ्याने, एका माणसाला सांगितलं होतं.  काकांच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत तात्यापारा, बूढ़ापारा, सगळ्या मंडळात बोभाटा होईल. सासूबाईंचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं.

 काका तलावाच्या कठड्यापाशी गेले आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. बसल्यावर एकदम म्हातारे दिसायला लागले. मग म्हणाले, आणि तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, “माह्या मोठ्याचंबी असंच होतं.”

काकांना एकच मुलगा, दुर्गला असतो, एवढंच मला माहीत होतं. माझ्या लग्नाआधी त्यांचा थोरला गेला, हे मला त्या सकाळी कळलं.

“उठेच नाही तो,” काका पाण्याकडे बघत म्हणाले. “मी ओरडो. म्हणो, जवान माणूस अन दिवसभर झोपून राहतं. लोकं इचारे तं आम्ही सांगो, टायफॉइड झाला. सगळे मोसंब्या घेऊन येत. कोणी त्याच्याजवळ बसलं नाही, टायफॉइडच्या माणसाजवळ कोण बसते? एक दिवस दुपारी घरातून निघून गेला.” त्यांनी हाताने तलाव दाखवला आणि हात खाली घेतला. “तवाबी आम्ही टायफॉइडच सांगितलं. तुमच्या सासऱ्याले तेवढं माहीत होतं. घरात आता त्याचं नावबी कोणी घेत नाही.”

  रस्त्यावरून स्कूटर जात होत्या. एक बाई कठड्यावर कपडे वाळत घालत होती.

माझा नवरा काकांच्या शेजारी जाऊन बसला. कित्येक आठवड्यांत त्याने कोणाला स्वतःहून काही विचारलं नव्हतं. मला नाही, आईला नाही, पोरीला नाही.

“काय नाव होतं त्याचं?” त्याने विचारलं.

काकांनी नाव सांगितलं. मग परत एकदा सांगितलं, मोठ्याने, आणि बोलायला लागले. पोरगा पतंग कसा उडवायचा, रेल्वेच्या परीक्षेत कसा पहिल्या फटक्यात पास झाला, पोहे किती तिखट खायचा. नवरा ऐकत होता, मधूनमधून विचारत होता. थोड्या वेळाने दोघं उठले आणि चालायला लागले, काकांची पिशवी नवऱ्याच्या हातात होती. मी मागेच कठड्यावर बसून राहिले.