ऊब जरा जास्तच झाली

बेकरीतल्या उस्तादाचा एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे ऊब. पाव फुगत नाही? ऊब द्या. बायकोची कंबर धरली? ऊब द्या. भट्टीच्या माथ्यावर त्याने एक लाकडी फळी ठोकली होती. खमिराचं भांडं तिथे, टेम्पोवाल्याचे ओले मोजे तिथे, आणि कामगारांची नजर चुकवून मांजरही तिथेच. जे जिवंत आहे ते उबेत वाढतं, यापुढे त्याने कधी विचारच केला नव्हता. गरजही पडली नव्हती म्हणा.

करोनाची लस आली तेव्हा स्वारी सगळ्यांच्या आधी टोचून आली आणि बाही वर करून दंड मिरवत फिरली. "मुंगी चावते तेवढंच. उद्या तुम्ही सगळे जायचं," त्याने फर्मान काढलं. पण दुसऱ्या दिवशी पीठ मळणारा, ज्याला सगळे पिठ्या म्हणत, तोंड बारीक करून उभा.

"उस्ताद, ती सुई म्हणे पुरुषाला कामातून घालवते. मूलबाळ होत नाही."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

झालं! उस्तादाच्या पायाखालची जमीन सरकली. लग्नाला वर्षं लोटली, घरात पाळणा हलायचं नाव नव्हतं. बायको दवाखान्याच्या पायऱ्या चढून थकली होती. आणि आता या गाढवपणाने उरलीसुरली आशाही आपणच दंडात सुई टोचून घालवली? त्या दिवशी बनपावांत मीठ पडलं आणि खाऱ्या टोस्टमध्ये साखर. कामगारांनी तर सरळ सांगून टाकलं, "आधी तुम्ही तपासून घ्या उस्ताद, निकाल बघून मग आम्ही सुई टोचून घेऊ."

शेवटी मनाचा हिय्या करून तो प्रयोगशाळेत गेला. काउंटरवरच्या बाईने झाकणाची एक डबी पुढे सरकवली. "नमुना घरून आणलात तरी चालेल. पण लगेच आणा, आणि गार होऊ देऊ नका."

गार होऊ देऊ नका! हे त्याला सांगायचं? उस्ताद बेकरीच्या वरच राहायचा. नमुन्याचं काम कसंबसं उरकून तो खाली उतरला, तर भट्टीतले पाव नेमके निघायच्या बेतात. डबी स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्याने अलगद फळीवर ठेवली, अगदी खमिराशेजारी. पाव काढले, हात धुतले आणि गरमागरम डबी घेऊन धूम ठोकली.

निकाल आला आणि त्याचं अवसान गळालं. शुक्राणू होते, पण एकही हलत नव्हता.

"मारले हो सुईने, सगळे मारले!" काउंटरला टेकून तो हमसून हमसून रडायला लागला. रांगेतल्या दोन म्हाताऱ्या त्याला पाणी द्यायला धावल्या.

बाईला कसलीतरी शंका आली. "थांबा हो. डबी आणलीत कशी?"

"जिवापाड जपली! भट्टीवरच्या फळीवर ठेवली होती. खमीर ठेवतो ना, तिथेच."

बाईने तोंडावर हात दाबला, पण हसू काही आवरेना. शेवटी ती स्टुलावरच बसली. "अहो, भाजून आणलेत तुम्ही ते!"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनाही हसू आवरत नव्हतं, पण त्यांनी नीट समजावलं. लस घेण्याआधी आणि नंतर पुरुषांच्या तपासण्या झाल्या आहेत आणि लसीने शुक्राणू घटल्याचं दिसलेलं नाही. उलट आजारात सडकून ताप आला तर काही महिने घटू शकतात. "थोडे दिवस जाऊ द्या, मग नवा नमुना आणा. या वेळी शर्टाच्या आतल्या खिशातून. भट्टीकडे फिरकूसुद्धा नका."

दुसऱ्या खेपेला डबीतली मंडळी हलली! हवी तितकी नव्हती, जरा रेंगाळत होती, पण जिवंत होती. डॉक्टर म्हणाले, "लसीवर राग काढू नका. दिवसभर कमरेला भट्टीची धग लागते, तिचाच हा प्रताप असावा. काही महिने दुसरं काम करा, मग पुन्हा बघू."

उस्ताद जवळजवळ उड्या मारतच निघाला. वाटेत टेम्पोवाल्याला मिठी मारली, अनोळखी पोस्टमनला दोन बन दिले, बेकरीत शिरून "हलतात रे, हलतात!" अशी आरोळी ठोकली. पाव घ्यायला आलेल्या बाईंच्या हातातली पिशवीच पडली. पिठ्या त्याच पावली लस घ्यायला पळाला, अंगावरचं पीठही न झटकता.

वर जाऊन त्याने बायकोला सगळं एका दमात सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग हसता हसता गप्प झाली.

"काय गं?"

"काही नाही. माझ्या तपासण्या इतकी वर्षं चालल्यात. सुया, सलाईन, पोटाचे फोटो. तुमच्या थोरल्या ताई दर फोनला मलाच विचारतात, 'काही विशेष?' तुम्ही एकदा तपासायला गेलात, तेही लसीला दोष द्यायचा होता म्हणून. लस आली नसती तर गेला असतात?"

उस्तादाचा मघाचा उल्हास कुठल्या कुठे गेला. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. थोडा वेळ तो बायकोचा हात हातात घेऊन बसला. मग त्याने फोन उचलला आणि बायकोला ऐकू जाईल असा स्पीकर लावला.

"ताई, आजपासून हिला काही विचारायचं नाही. विचारायचं ते मला. कमी माझ्यात आहे."

पलीकडून ताई कुजबुजली, "अरे, हळू बोल! शेजारीपाजारी ऐकतील."

उस्तादाने रस्त्याकडची खिडकी सताड उघडली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, चांगल्या खणखणीत आवाजात.