पालीच्या टेकडीवरची हाक

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी झाले नाहीत. केतकी, आमची एकुलती एक मुलगी, तापाने गेली तेव्हासुद्धा मी कुणाला काही विचारायला गेले नाही.

ती गेल्यावर माझ्या मिस्टरांना पक्ष्यांचा नाद लागला. आम्ही मीरा रोडला शांती नगरमध्ये राहायचो. रविवार उजाडला की हे दुर्बीण, कॅमेरा घेऊन स्कूटरवरून उत्तनच्या बाजूला, पाली गावावरच्या टेकडीवर. कधीकधी मीही जायचे... घरात एकटीने बसण्यापेक्षा बरं.

२००७ चा हिवाळा असेल. करवंदीच्या जाळीत यांना एक चिमुकला पक्षी दिसला. माशीमार. गळा आणि छाती नारिंगी. तसले माशीमार थंडीत आपल्याकडे येतातच, पण याच्या नारिंगी रंगाला काळी किनार होती. यांनी दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतलीच नाही.

"काश्मिरी आहे हा," हे कुजबुजले. "इकडे कुणी पाहिलेला नाही. फोटोशिवाय कोण मानणार?"

पक्षी जाळीबाहेर येईना. मग यांनी छोटा स्पीकर काढला आणि त्याच जातीच्या पक्ष्याची रेकॉर्ड केलेली हाक लावली. आपल्या जागेत दुसरा घुसला असं वाटून तो बाहेर झेपावला. कुणीच नाही. आत गेला. यांनी पुन्हा हाक लावली, तो पुन्हा आला... दुपार झाली तरी हेच चाललं होतं. त्याची चोच मिटेना, पंख लोंबायला लागले. मी म्हटलं, पुरे आता, जीव जाईल त्याचा. तर म्हणाले, किनार शार्प येत नाहीये.

शेवटी तो फांदीवरून खालीच पडला. यांनी उचलून तळहातावर घेतला, बोटाने मान जरा वळवली आणि फोटो काढला.

"आता नीट दिसतेय," म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हे जेवता जेवता ताटावरून उठले. केतकी हाक मारतेय, म्हणाले. बाल्कनीत जाऊन आले, जिन्यात जाऊन आले. मला वाटलं, इतके दिवस दाबलेलं दुःख आता बाहेर पडतंय. पण मग ते रोजचंच झालं. ऑफिसला जाणं बंद, झोप नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हे म्हणायला लागले, हाक टेकडीवरून येतेय... एका सकाळी तडक स्कूटर काढली. मी कशीबशी मागे बसले.

वर पोचल्या पोचल्या हे एका झाडाकडे धावले. तिथे कुणी नाही. लगेच वळून दुसरीकडे. मग तिसरीकडे. मी हात धरला की झटकायचे. मला फक्त वारा ऐकू येत होता आणि खालच्या गल्लीतल्या बाइक्स. ऊन चढलं. यांचं तोंड उघडं पडलं, हात दोन्ही बाजूंना लोंबायला लागले, तरी थांबेनात.

लाकडं गोळा करायला आलेली पालीची एक कोळीण केव्हापासून बघत उभी होती. वाटलं, वेडा समजून हसत असेल. ती माझ्यावरच चिडली.

"पोरगी कवाची बाबा बाबा करते. ओ का देत न्हाय तुम्ही?"

मी तिला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. केतकीबद्दल तिला काही ठाऊक असणं शक्यच नव्हतं. मी वळून बघते तर हे करवंदीपाशी पडलेले. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी पालीला जाऊन त्या बाईंना शोधून काढलं. दारात सुकट निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, ती हाक अजून येते का? त्यांनी निवडता निवडताच सांगितलं.

"येते. पण आता बाबा बाबा न्हाय करत. आई आई करते."

त्या बाईंना खोटं बोलून काय मिळणार होतं? एका ओळखीच्या डॉक्टरांनी भास वगैरे समजावून सांगितलं, पण एकाचा भास दुसऱ्या अनोळखी माणसाला कसा होईल?

मी अजूनही जाते तिथे. दिवसभर कान देऊन बसते. माझी मुलगी मला हाक मारतेय म्हणतात... आणि मला काहीच ऐकू येत नाही.