शेजारच्या टेबलावरचा मॅक्रो

सोलापूरच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं टेबल. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ॲपलचा मॅक कॉम्प्युटर घेतला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी माझा भाडेकराराचा टेम्प्लेट मागितला. त्यातला मॅक्रो एकदा टाकलेलं नाव दहा ठिकाणी भरायचा. मी फाइल दिली, पण मॅकवर मॅक्रो अडकला. त्यात माझ्या विंडोजच्या सी ड्राइव्हचा पत्ता होता आणि मॅकवर तसा ड्राइव्हच नसतो, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, "तुमच्या मशीनवर न्हाय चालायचं."

आठवड्याने त्यांनीच तो दुरुस्त करून पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. "आता दोन्हीकडं चालतंय. तुमी पण घ्या की."

आता मी तोच वापरतो; माझ्या जुन्यापेक्षा तो लवकर उरकतो. परवा गिऱ्हाईक म्हणालं, "लई झटपट करता." मी म्हणालो, "सवय हाय." बाई शेजारीच होत्या. त्यांनी हसून गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची सरकवली, तेच झोंबलं.