मागच्या बाकावर बसणारी मॅडम

धानाच्या बांधीत पाणी सोडून राहिलो होतो, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "मोठे बाबा, शालू गेली..." शालू म्हणजे माझ्या धाकट्या भावाची लेक. आजारी होती, माहीत होतं. तरी चिखलातून पाय निघेनात. तिच्याबद्दल लिहायला शिकलेली माणसं पुष्कळ आहेत. पण मी चौथी शिकलेला असलो तरी मीच लिहीन म्हणालो.

आमच्या एकोडी गावची ही पोरगी हायवेवरच्या इंटरनॅशनल शाळेत गणित शिकवायची. सुट्टीत घरी आली तरी लॅपटॉपवर तिचं ट्रेनिंग चालूच. मी चिडवलं, "इतके वर्षं शिकवून राहिली, आणखी कायले शिकतं? कच्ची ठेवली का तुले?" ती हसली. "मोठे बाबा, याच्यानं नुसतं सर्टिफिकेट भेटते. पण माहं कुठं चुकते, ते बाजूच्या वर्गातली मॅडमच सांगू शकते."

म्हणून रिकाम्या तासाला ती दुसऱ्याच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसायची, आणि बाकीच्यांना आपल्या वर्गात बोलवायची. आधी सारे घाबरले. तिथं वर्गात कोणी येऊन बसलं म्हणजे तपासणी. नोकरी राहते का जाते, ते त्यावरच ठरायचं. एक नवी मॅडम तर हिला पाहून फळाच पुसून टाकायची म्हणे. शालूनं आधी तिला आपल्या वर्गात बसवलं, आपल्या चुका काढायला लावल्या... मग ती मोकळी झाली.

पुढं शाळेनं शालूला सांगितलं, कोण कसं शिकवते ते लिहून दे. इथं पोरगी अडली. तिचीही नोकरी वर्षावर्षाचीच. मी म्हटलं, "देऊन टाक, तुह्या बापाचं काय जाते?"

"बापाचं नाही, पोरायचं जाते. उद्या कोणी मले वर्गात घेणार नाही."

नाहीच दिलं. उन्हाळाभर शाळेनं तिला लटकवत ठेवलं, मग घेतलं. हट्ट आमच्या घराण्याचाच. पण आम्ही तो शेताच्या धुऱ्याच्या, हद्दीच्या भांडणात घालवला. तिनं तो कामी लावला.

परवा तिचं सामान आणायला शाळेत गेलो. तिच्या वर्गात तीच नवी मॅडम शिकवत होती. मागं एक सर अन् एक मॅडम बसलेले. मला पाहून ती थांबली. "शालूताईंचे मोठे बाबा ना? बसा. समजलं नाही तर सांगा."

सर सरकले. मी टोपी काढून बसलो. तास संपता संपता तिनं माझ्याकडं पाहिलं.

"दुसरं गणित मले नाही समजलं, बाई," मी म्हणालो. पुढच्या दोन पोरांनीही 'नाही' म्हणून माना हलवल्या.

तिनं मार्कर उचलला, अन् पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.