हमीदामावशी गेल्या, आता मुलींजवळ कोण?

परवापासून आमच्या शाळेच्या मुलींच्या वसतिगृहात एकही बाई नाही.

होती ती एक, हमीदामावशी. ताप आला म्हणून लेकाने परवा आपल्या गावी, जवळा बाजारला, घरी नेलं. आज सकाळी गेल्या.

मी इथे कधी लिहीत नाही. सुचतही नाही. पण आज गप्प बसवत नाही.

बाहेरच्या मित्रमंडळींसाठी सांगते. आमची निवासी आश्रमशाळा. बहुतेक मुली तांड्यावरच्या. आई-बाप ऊसतोडीला गेले की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत शाळा हेच घर. मी पहिली ते दहावी तिथेच होते. आज माझी भाची सातवीत तिथेच आहे.

मावशींचा हुद्दा अधीक्षिका. पण मॅडम म्हटलं की त्या ओ द्यायच्याच नाहीत.

त्यांचा एक नियम होता. सुट्टीला कुणी मुलीला न्यायला आलं की त्या माणसाला गप्प बसवायचं, मुलीला बाहेर बोलवायचं आणि त्याच्यासमोर तिला विचारायचं.
"ह्यो कोन तुजा? जायचं का ह्याच्यासंगं?"

मुलीने मान खाली घातली की तो माणूस रिकाम्या हाताने परत. मग तो कुणीही असो.

एकदा माझा मामा आला. जरा पिऊन आला होता. मी "जायचं" म्हणाले तरी मावशींनी सोडलं नाही. मामा चिडला, म्हणाला मी सख्खा मामा हाय.

"व्हय, मामा बराबर हाय. पर आज न्हाई. उद्या ये, आंघोळ करून."

दुसऱ्या दिवशी मामा डोक्याला तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मावशींनी त्याला चहा पाजला आणि मला पाठवलं. मामा अजूनही हे सगळ्या तांड्याला सांगतो.

मावशी रिटायर झाल्या तेव्हा संस्थेने नवीन बाई येणार म्हणून सांगितलं. ती येईपर्यंत त्या थांबल्या. पगार नाही, काही नाही. दोन दिवाळ्या गेल्या. नवीन बाई आली नाही.

आणि आम्ही काय केलं? निरोप समारंभात आम्ही माजी विद्यार्थिनींनी त्यांना पलंग भेट दिला. वसतिगृहात दाराशी ठेवायला, त्या तिथेच झोपायच्या. खाली झोपून त्यांचे गुडघे धरायचे म्हणून.
टाळ्या वाजल्या. सगळ्यात जास्त संस्थेच्या सचिवांनी वाजवल्या.

ते काहून एवढे खूश झाले, हे नंतर कळलं. अधीक्षिकेचं विचारायला आम्ही जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा त्यांचं उत्तर एकच.
"मावशी आहेत ना."

साठी ओलांडलेली, गुडघ्याने बेजार बाई. तिच्या भरवशावर एवढ्या मुली. आमच्या ग्रुपवर यावर खूप मेसेज झाले. काहींनी शाळेची बदनामी नको म्हणून ग्रुप सोडला.

मागच्या महिन्यात मी भाचीला भेटायला गेले, तेव्हा मावशींना बाजूला घेऊन बोलले. त्या एका लहान मुलीच्या डोक्यातल्या उवा काढत होत्या.

"मावशी, तुमी घरी जावा. तुमी हाव तवर ते कुनाला आननार न्हाईत."

त्यांनी फणी थांबवली नाही.
"आन् तवर?"

मग त्यांनीच विषय बदलला. तुझी भाची केस धुवायला लई तकलीफ देते, तिला जरा समजावून सांग, म्हणाल्या.

आज दुपारी मैत उठली. बायका घरातच थांबल्या. नंतर आम्ही चौघी माजी विद्यार्थिनी तिथून सरळ शाळेत गेलो.

सचिव ऑफिसमध्ये शोकसभेच्या बॅनरचं बघत होते. आज रात्री मुलींजवळ कोण, असं आम्ही विचारलं. शिपाई आहे, कॅमेरे लावलेत, म्हणाले. कॅमेरा व्हरांड्यात आहे. शिपाई पुरुष आहे.

वंदना माझ्याच वर्गातली, तिचा आवाज चढला. त्यावर ते शांतपणे म्हणाले,
"ताई, आजच्या दिवशी तरी राजकारण नको."

आम्ही म्हणालो, मग आम्ही थांबतो. पाळीपाळीने.

"चालेल की," ते लगेच म्हणाले.

ते इतक्या लवकर हो म्हणाले की मला शंका आली. आम्ही तेच तर करत नाही आहोत ना, जे मावशींनी केलं? उद्या कुणी अधिकारी आला तर हेच ऐकवतील, माजी विद्यार्थिनी आहेत ना.

पण थांबू नये म्हटलं, तर आतमध्ये पहिलीच्या पोरी आहेत.

म्हणून हे उघड लिहितेय. आम्ही थांबलोय म्हणजे जागा भरली असं कुणीही समजू नये. संस्थेने नाही, सरकारने नाही, ग्रुप सोडून गेलेल्यांनी तर अजिबात नाही. सोमवारी आम्ही हिंगोलीला समाजकल्याणच्या ऑफिसात जाणार आहोत. आज मैतीला आलात, तेवढे जण तरी तिथे या.

संध्याकाळी समजलं, मुलींना कुणी काही सांगितलंच नव्हतं. भाचीने विचारलं, मावशी कधी येणार. मीच सगळ्यांना बसवून सांगितलं. मोठ्या मुली रडल्या.

लहानी एक रडली नाही. माझ्या पिशवीकडे बघत होती.
"तू किती दिस हायस?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. शनिवारपर्यंत, म्हणाले.

तिने मान हलवली आणि आपलं अंथरूण ओढत दारापासून लांब, भिंतीकडे नेलं.

मावशी, तुम्ही वाढवलेल्या सगळ्या मुलींचा तुम्हाला शेवटचा सलाम.