वाऱ्याला टाकलेला पाट

"आई, स्वराला घे आणि मोरीत जा! मोरीत! दार लाव!" एवढं ओरडले आणि फोन कटला, आणि मग डोक्यात आलं मी काय बोलून बसले ते. आमच्या गव्हाणच्या मोरीवर पत्रा हाय. घराच्या मागच्या भिंतीला टेकवलेला, वर नुसते दगड ठेवलेले.

परत लावला, लागेना. परत. मी होते खारघरात, आमच्या टॉवरच्या गच्चीवर, वादळाच्या ट्रेनिंगला. मॅडम बायांना ढग ओळखायला शिकवत होत्या, आणि बोलता बोलता कठड्याकडं धावल्या. खाडीच्या अंगाला काळ्या ढगातून सोंड लोंबत होती, बारीक, गोल फिरणारी. "ही साधी वावटळ नाहीये. सगळ्यांनी आत चला," म्हणाल्या. सगळ्या जिन्याकडं पळाल्या. मी तिथंच थांबून आईला फोन लावला, कारण त्या सोंडेखाली माझं गाव, आणि गावात आईकडं माझी पोर स्वरा. ट्रेनिंगला यायचं म्हणून मीच सोडून आलेले सकाळी.

लग्न करून निघाले तेव्हा आईनं टेम्पोत गाद्यांच्या मधी एक पाट सरकवला होता. आमच्यात वादळ आलं की अंगणात पाट टाकतात. पावण्याला टाकतात तसाच. आई पदर खोचून बाहेर जायची नि म्हणायची, "बस वाऱ्या, पानी पी, नि जा तुज्या वाटंनं." मला म्हणाली, "तिकडं पन टाक गो, ईसरू नको." कुठं टाकू? इथं अंगणच नाय. बाल्कनीला ग्रील, पाट कपाटावर पडून हाय. सुरुवातीला वारा सुटला की ह्या उंचीवर खिडक्या अशा शिट्ट्या मारायच्या की मी पोरीला छातीशी धरून बसायची. नवरा द्रोणागिरीच्या गोडाऊनला, ड्युटी सोडून येणार कसा? म्हणून तर ट्रेनिंगला नाव दिलं. नववीत शाळा सुटलेली मी, पण तिथं सगळं पाठ केलं. खिडकीपासून लांब. घराच्या मधली सगळ्यात लहान खोली. बाथरूम असेल तर बाथरूम. डोकं झाका. अगदी पाठ. म्हणून तर तोंडातून तेच बाहेर पडलं.

फोन लागेना तशी गच्चीवरून खाली पळाले. रिक्षावाला म्हणाला, "ताई, एवढ्या वाऱ्यात गव्हाणला? येडं लागलंय काय?"

"पोर हाय माझी तिकडं."

"बसा मग."

गल्लीत पोचले तर कौलांचा खच. मागं गेले, मोरीवर पत्राच नाय. तो पार शेजारच्यांच्या भिंतीत घुसलेला, वाकून. मी ओरडले की नाय, आठवत पण नाय. मधल्या खोलीतून आवाज आला, "अगो हितं हाव!" खाटेखाली आई, आईच्या पोटाशी स्वरा, तोंडात बिस्कीट.

"मोरीकडंच निघालेले बघ," आई म्हणाली. "तू शिकलेली, तू सांगितलंस. पन म्हटलं आदी पाट टाकते. तर मेला ऱ्हाईना, सारका उलटा व्हतोय. तो सरळ करतेय तवर पत्रा माज्या डोल्यांदेखत गेला. मंग शिरले खाटेखाली." आणि हसली. "रडतेस काय गो? पत्रा गेला, पोर हाय ना?"

पाट पहिल्या झटक्यात सरळ बसला असता तर? हे आईला अजून विचारलं नाय. मला रोज तेच दिसतं, भाजी चिरताना, पोरीला आंघोळ घालताना.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "आम्ही फ्लॅट डोळ्यासमोर ठेवून शिकवत होतो गं. कौलारू घरातल्यांनी शाळेत जायचं, स्लॅबखाली." मग शिकवणं बदललं त्यांनी, आणि रविवारी गव्हाणच्या बायांसमोर मीच बोलायचं ठरवलंय. आईनं गल्लीभर सांगून ठेवलंय, माझी पोर येतेय शिकवायला. पण शाळा लांब हाय हो. मधी उघडं मैदान. कौलं उडत असताना, काखेत पोर घेऊन, कुणाला सांगू की पळ?

आईला म्हटलं, इकडंच ये राहायला. म्हणते, "त्या खुराड्यात? तिथं वारा आला तर बसंल कुठं?"

लहानपणी ढग भरून आले की आई सांगायची कुठं बसायचं, तेच घर होतं मला. आता उलटं झालंय. जरा वारा सुटला की आईचाच फोन येतो, "बाय, कुटं जाव?" आणि मी इथं सिमेंटच्या बाथरूमच्या दारात, पोरीला घेऊन, फोन कानाला लावून नुसती उभी.

तुमी पण गाव सोडून आलाय, तुमची पण म्हातारी माणसं कौलांखाली हायत. खरं सांगा, त्या दिवशी गच्चीवर फोन तुमच्या हातात असता, तर तुमी काय सांगितलं असतं?