मधले अकरा फर्मे

बाइंडरच्या हातात लग्नपत्रिका दिली तरी आधी तिची घडी सरळ आहे का ते तो बघायचा, मग लग्न कुणाचं ते. बत्तीस वर्षं पुस्तकं बांधून बांधून माणूसच घडीचा झाला होता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शिलाईची चौकट, पुस्तकं दाबायचं यंत्र, खळीचं पातेलं आणि पायाखाली कागदाचे कपटे. "ह्यांच्या भाजीतसुद्धा दोरा निघतो," असं बायको सांगायची आणि ते खोटं नव्हतं.

फुशारकी मारायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती. "माझ्याकडे आलेल्या पुस्तकाचं पान गळत नाही. वाळवीने खाल्लेलं असेल तर खाल्लेलं पान परत मिळेल, पण मिळेल."

अशा माणसाकडे लूथरन ख्रिस्ती मंडळीचं मोठं शास्त्र, म्हणजे बायबल, आलं. वाचनपीठावरचं, दोन माणसांनी उचलायचं. त्याची पाठ फाटली होती आणि जुना नि नवा करार एकमेकांपासून सुटायला आले होते. रविवारी मंडळीचा वर्धापनदिन. "तोवर उभं करा," म्हणून पाळकसाहेब सभेसाठी परगावी गेले.

बाइंडरने फर्मे सोडवले, म्हणजे एकात एक दुमडलेल्या पानांच्या जुड्या वेगळ्या केल्या. ढिगाची जाडी मोजली आणि आधी कव्हर बांधून वाळत टाकलं. उस्तादाची शिकवणच तशी होती. पुठ्ठा चार दिवस वाळला पाहिजे, शिलाई मागाहून.

गुरुवारी दाजी आले. दाजी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वजनमापे खात्यातून निवृत्त, मंडळीचे पंच. खिशात अजून मोजपट्टी असायची.

"जुन्या करारात पुस्तकं एकोणचाळीस, नव्यात सत्तावीस. बेरीज?"

"सहासष्ट."

"मग मध्ये हे काय घुसलंय?"

"अपोक्रिफा. दोन करारांमधल्या काळातली पुस्तकं. माझ्या लहानपणापासून आहे तिथे."

"ते देवाचं वचन नव्हे! आपण लूथरन. आपल्यात वचन एके वचन. काढ ते."

"माझ्याकडे पान गळत नाही, दाजी."

"गाळू नकोस. काढ. पंच म्हणून सांगतोय."

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात बाइंडरलाही हेच शिकवलं होतं, की त्या पुस्तकांवर आपली शिकवण उभी नाही. शिवाय दाजींशी भांडण म्हणजे दोन सख्ख्या बहिणींचा महिनाभर अबोला, आणि त्याचं जेवण थंड. त्याने मधले अकरा फर्मे काढले, बाकीचे शिवले.

शुक्रवारी पुस्तक कव्हरात ठेवलं. पैलवानाच्या सदऱ्यात काडीपैलवान! पाठीला अंगठाभर जागा रिकामी. नवं कव्हर वाळायला वेळ नाही. शेवटी त्याने कोऱ्या कागदाचे अकरा फर्मे घातले. मापात बसलं. दाजींनी पट्टी लावून मान डोलावली.

बायको म्हणाली, "हे कोरे कागद तरी सहासष्टात येतात का?"

"तू तुझं काम कर."

"माझं झालंय. तुमचंच राहिलंय."

शनिवारी सकाळी पाळकसाहेब आले. दाजी आधीच खुर्ची धरून बसलेले. साहेबांनी पुस्तक उघडलं, जुन्या करारातले शेवटचे संदेष्टे संपले आणि पांढरं लागलं. पान उलटलं. पांढरं. आणखी उलटलं. बाइंडर खळीच्या पातेल्यात बघत राहिला. उद्या भर मंडळीसमोर हेच उघडणार, आणि बत्तीस वर्षांची फुशारकी त्यातच पुरली जाणार.

"दोन करारांमधली चारेकशे वर्षं माणसं झोपली होती का हो?" साहेबांनी विचारलं.

"मी सांगितलं," दाजी म्हणाले. "लूथरन शिकवणीप्रमाणे."

"अहो, ती पानं मध्ये ठेवली कुणी? खुद्द लूथरने! पहिल्या शतकांतल्या मंडळीतही यावर एकमत नव्हतं. एक गुरू म्हणे बाजूला ठेवा, दुसरा म्हणे देवळात वाचा. लूथरने ती फेकली नाहीत आणि डोक्यावरही घेतली नाहीत. करारांच्या मध्ये ठेवली, आणि वर लिहिलं की ही शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला उपयोगी नि चांगली आहेत. तुम्ही लूथरपेक्षा जास्त लूथरन निघालात, दाजी."

दाजींनी पट्टी खिशात घातली. "म्हणजे माप चुकलं म्हणायचं."

"पण पानं? टाकली?" साहेब बाइंडरकडे वळले.

आतून बायको आली, हातात बाइंडरच्या रविवारच्या सदऱ्याचं गाठोडं. "उद्याचा सदरा मी सकाळपासून शोधतेय. तुम्हीच यात काय गुंडाळून ठेवलंय ते बघा."

अकरा फर्मे. एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता.

"टाकवले नाहीत," बाइंडर पुटपुटला.

"मग बसा," साहेब म्हणाले. "दिवस आहे अजून."

त्याने नवी शिलाई उसवली. दाजींना दोऱ्याला मेण लावायला बसवलं, कारण खुर्ची सोडायला ते तयार नव्हते. साडेअकराला दोरा थांबला. बाइंडरने बघितलं तर दाजी वरचा फर्मा मांडीवर घेऊन वाचताहेत. गोष्टीत बाप आंधळा झालेला, मुलगा लांबच्या वाटेला निघालेला, मागोमाग कुत्राही.

"कुत्रं कशाला घेतलंय यात?" दाजी म्हणाले. "पुढे काय होतं रे?"

"मेण लावा. पुढचा फर्मा माझ्या हातात आहे."

"मग दे की."

"शिवल्यावर. उद्या देवळात बसून वाचा."

संध्याकाळी पुस्तक कव्हरात ठेवलं. दाजींनी सवयीने पट्टी काढली. बाइंडरने त्यांचा हात बाजूला सारला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. कुठेही पोकळ लागलं नाही.

"सदरा इस्त्री करून दे," तो आत वळून म्हणाला.

"स्वतः करा. चुरगळलाय तुम्हीच."